फोपनारच्या वाटेवरचा पिंपळ

सुमनच्या माहेरी तिच्याशिवाय जायचं की नाही, हे ठरवायला मला सहा महिने लागले. शेवटी तिच्या भावाचा, मुरलीचा फोन आला. "दाजी, ताई नाही म्हणून काय रस्ता बंद झाला?" मी नाशिकहून बुऱ्हाणपूरची गाडी पकडली.

रावेर मागे पडलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. बुऱ्हाणपूर स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या, आणि मावा जिलेबी गरमच खा. सकाळी राजघाटावर तापीत पाय सोडून बराच वेळ बसलो. मग मुरलीच्या मोटारसायकलवरून त्यांच्या गावी, फोपनारकडे निघालो.

वाटेत नाल्यावर पंचायतीचा दगडी पूल आहे. तिथे माणसं जमली होती. खांबाच्या भेगेत पुरुषभर उंचीचा पिंपळ वाढला होता. मुळांनी दगड सरकले, म्हणून इंजिनिअरने केळीचे ट्रक बंद केले होते. दुरुस्ती मंजूर होती, मिस्त्री सिमेंट घेऊन आला होता. पण पिंपळ तोडणाऱ्याच्या घरावर संकट येतं, म्हणून कोणी हात लावेना. मुरलीची केळी पंधरा दिवसांत कापायची होती. नाल्यातून ट्रॉलीने नेली तर माल खरचटतो आणि व्यापारी भाव पाडतो.

"सरपंचजी, आप ही शुरू करो," मिस्त्री म्हणाला.

"माझी सून पोटुशी आहे. मुरली, केळी तुझी, तूच काढ."

"माझ्या पोरीचं लग्न ठरलंय!"

"पुलाजवळची बाभूळ तोडायला तर सगळे पुढे होते," मिस्त्री हसला.

मी चपला काढल्या. "कुऱ्हाड द्या. माझ्या घरात मी एकटाच आहे."

मुरलीने माझा हात धरला. "दाजी, असं नका बोलू. तुम्ही आमचेच ना?"

"म्हणूनच काढतो."

झाडाला नमस्कार केला आणि घाव घातला. खोड मऊ होतं, पांढरा चीक हातावर आला. मुळं छिन्नीने काढण्यात दुपार गेली. संध्याकाळी मिस्त्रीने भेग भरायला घेतली.

परत येऊन महिना झाला. पुलावरून ट्रक सुरू झालेत, मुरलीचा माल वेळेवर गेला. राजघाटावर सुमनशिवाय काढलेले फोटो मी अजून पाहिलेले नाहीत. पिंपळाची मला भीती वाटत नाही, पण मुरलीला वाटते. रोज सकाळी त्याचा फोन येतो, "दाजी, सब ठीक ना? काही झालं तर नाही?"

"काही नाही," मी सांगतो.

हल्ली तो फोन येईपर्यंत मी चहा ठेवत नाही.