वैऱ्याकडचा माल

"माल घ्यायचा तर वैऱ्याकडून घ्यावा. सोयरा फसवतो. वैरी लाजेनं चोख देतो."

हे म्हणताना ते हातातली वस्तू तळव्यावर ठेवून हात वरखाली करत. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात क्लार्क होतो, तिथं ते स्टोअरकीपर. पितळी व्हॉल्व्ह नुसता हातावर तोलून अस्सल की भेसळीचा ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, म्हणून हे लिहितो आहे. ते असताना लिहायची छाती नव्हती.

तिरपागडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण स्वतःची म्हण अशी तंतोतंत पाळणारा माणूस मी तरी एकच पाहिला. बदलापूर गावात त्यांचं घर. चुलतभावाशी बांधावरून कोर्टात केस, आणि दूध त्याच भावाकडचं. केस चालू आहे तोवर दूध घट्ट येणार, अशी खात्री. ज्या न्हाव्याशी सहा वर्षं अबोला, दाढीला त्याच्याचकडे. कुणी विचारलंच तर म्हणत, "वस्तरा गळ्यावर असताना वैरीच बरा. सोयरा गप्पा मारतो."

त्यांच्या वैऱ्यांत मीही होतो. कसा आलो, ते आधी सांगतो.

एकदा स्टोअरमधून दोन व्हॉल्व्ह गायब झाले. संध्याकाळी शिफ्ट सुटली, सगळे फाटकाशी रांगेत उभे. त्यांनी रांगेतून मला एकट्यालाच बाजूला घेतलं आणि माझी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, आईची औषधं, आणि आईसाठी घेतलेला लघवीच्या पिशवीचा पुडा. मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी सगळं पुन्हा पिशवीत भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तपासली म्हणून सुटलास, क्लार्क. नायतर चोरच ठरला असतास." जणू उपकारच केले. व्हॉल्व्ह चार दिवसांनी दुसऱ्याच रॅकवर सापडले, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. महिनाभरात मी नोकरी सोडली.

मला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं, की चार लोकांत त्यांनी म्हणावं, माझं चुकलं. मी मुळात अबोल. अशा माणसाच्या पोटात गोष्ट जिरत नाही, मुरते. बायकोलाही कधी सांगितलं नाही. मनात मात्र त्यांना कायम अरेतुरे करत आलो.

पुढे उल्हासनगरला कॅम्पात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बावीस वर्षांनी एका दुपारी ते कॉम्प्युटर पोत्यात बांधून दारात उभे. "काय क्लार्क, ओळखलंस ना? तुझं माझं वाकडं हाय, म्हणून तुझ्याकडं आलो."

त्यांची आई धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी. तिचे धवले कुठं लिहिलेले नव्हते. यांनी वर्षानुवर्षं तिचे आणि आसपासच्या धवलारणींचे धवले कॅसेटवर घेतले, पुढे कॉम्प्युटरमध्ये चढवले, कॅसेटना बुरशी लागली तेव्हा त्या फेकल्या. आता गाण्यांची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली होती. पुतण्यानं सांगितलं होतं, एसएसडी घाला.

मी त्यांना समजावलं. यात फिरणारं काही नसतं, म्हणून पडलं-धडलं तरी बिघडत नाही. जुन्या बोर्डाला पट्टीसारखी नवी चालणार नाही, चपट्या डबीसारखी येते तीच बसेल. पाचशे जीबीची पुरेल, पण एक टीबीची घेतलेली बरी. सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली डबी तळव्यावर घेतली, हात वरखाली केला. "एवढी हलकी?"

"सगळ्या हलक्याच असतात, काका," मी म्हणालो. हेही खरंच होतं. अस्सलसुद्धा हलकी असते. तिथं त्यांच्या तळव्याचं काही चालणार नव्हतं.

त्यांना चहा दिला आणि आत जाऊन खालचा खण उघडला. त्यात एक बनावट ड्राइव्ह होती. वर एक टीबी लिहिलेलं, कॉम्प्युटरही एक टीबीच दाखवणार, आत जेमतेम चौसष्ट जीबीची चिप. ती भरली की गुपचूप आधीच्या फाइली पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिते. नावं मात्र सगळी दिसत राहतात. गिऱ्हाइकांना सावध करायला ठेवली होती. शेजारचा सिंधी दुकानदार कितीदा म्हणाला होता, "साईं, फेंक दे इसको, किसी दिन गलती से लग जाएगी." गलती से लागली नाही. मी लावली.

गाणी अडीचशे जीबीच्या आसपास. सर्वांत आधी गेलं ते 'आय' नावाचं, त्यांच्या आईच्या आवाजाचं फोल्डर. म्हणजे पुसलं जाणारही तेच पहिलं. त्यांनी स्टोअरच्या सवयीनं फाइलींची यादी वहीशी ताडून पाहिली, सगळी नावं जुळली. मी शेवटची एक फाइल वाजवून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत बसले.

मग त्यांनी हातोडी मागितली.

जुनी हार्ड डिस्क फोडायची होती. जुना माल नव्याच्या शेजारी ठेवायचा नाही, एका वस्तूला एक जागा, दोन ठेवल्या की घोळ होतो, स्टोअरचा नियम. कारखान्यातही बाद माल ते साक्षीदारासमोर फोडत. साक्षीदार मी. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर सगळं वाचलं असतं. मी हातोडी दिली. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी पाच-सहा घाव घातले. एका घावाला मी चिमट्यानं डिस्क धरली, सरकत होती म्हणून.

त्या दिवशी मी आनंदात होतो. खोटं कशाला बोलू. येताना जिलेबी घेतली. पुढचे चार महिने मी त्यांची वाट पाहिली. ते येतील, ओरडतील, मग मी त्यांना पिशवीची आठवण करून देईन. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

ते आले. ओरडले नाहीत. नातीचं लग्न ठरलं होतं, आयचे धवले लावायला गेले तर फाइली उघडेनात. ड्राइव्ह रुमालात गुंडाळून आणली होती. स्टुलावर बसले आणि हळूच विचारलं, "क्लार्क, तुझा माल खराब निघाला का माझ्या हातून काय झालं?"

पाठ केलेलं वाक्य आलं नाही. मी म्हणालो, "तुमच्या हातून काही दाबलं गेलं असेल."

त्यांनी मान हलवली. "माझ्याच हातून. तू कशाला फसवशील."

पहिलं पाप रागाच्या भरात झालं असं मी म्हणू शकतो. हे दुसरं शांत डोक्यानं केलं. त्यांनी गावभर सांगितलं, की आयचा आवाज आपल्याच हातून पुसला गेला. बदलापूर गावातली, शेजारच्या बेलवलीची माणसं त्यांचं नाव सांगत माझ्या दुकानात येऊ लागली, त्यांनीच धाडलेली. ते मला लग्नाचं आमंत्रणही देऊन गेले. मी गेलो.

हळदीची दुपार. मांडवात बायका पाट मांडून बसलेल्या, आणि त्यांच्यात हे, हातात डीजेवाल्याचा माइक. पुरुष धवले म्हणत नाहीत. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी आईच्या चालीवर सुरुवात केली. आवाज फाटका, पण तीन कडवी नीट गेली. हसणं थांबलं. चौथ्याला ते अडले. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले. एका म्हातारीनं अर्धी ओळ आठवून दिली, तिच्यापुढं तिलाही येईना. नात हळद लावलेली, खाली मान घालून बसलेली.

ते माइकमध्येच म्हणाले, "पुढचं माझ्या हातून गेलं. माझं चुकलं. मना माफ करा."

मी शेवटच्या रांगेत उभा होतो, सरबताचा पेला घेऊन. मला चार लोकांत ऐकायचं होतं. मांडवात चारशे होते.

 मग कुणीतरी खूण केली आणि डीजे वाजायला लागला. बायका उठल्या, पोरं नाचायला आली. ते पाटावरच होते. माइक बंद झाल्याचं त्यांना कळलं नसावं. तो तोंडाशी धरून त्यांचे ओठ हलत होते. थांबत होते, पुन्हा पहिल्या ओळीपासून हलत होते.