किळस कुठे जाणवते

रविवारी सकाळी विहारात ध्यानाला जाऊ लागलो, तेव्हा माझी जागा भिकाजीकाकांच्या शेजारी आली. आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेला माणूस. ते खाकरायचे, रुमालात थुंकायचे, काय पडलं ते निरखून बघायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे. मी तोंड फिरवायचो. डोळे मिटले की तो ओला आवाज आणखीच मोठा व्हायचा.

शेवटी मी ध्यान शिकवणाऱ्या सुजाताताईंकडे, काकांची किळस येते म्हणून, दुसरी जागा मागितली.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी बघा, किळस अंगात कुठे जाणवते?"

मला राग आला. तरी पुढच्या रविवारी तिथेच बसून बघितलं. जबडा आवळलेला होता. श्वास मी निम्माच घेत होतो, काकांची हवा नको म्हणून. अशी किती माणसं मी आजवर टाळली असतील! मला माझीच शिसारी आली.

महिन्याभराने काहीतरी बाधलं आणि ध्यानातच मला उलटी झाली. आंबट वास सुटला. दोघं-तिघं नाक दाबून बाहेर गेले. काकांनी खांद्यावरचा पंचा ओला करून आणला, आधी माझं तोंड पुसलं, मग फरशी.

"काका, राहू द्या, घाण आहे."

"माणसाच्या पोटातलीच ना?"

सुजाताताईंनी खिडक्या उघडल्या. बाहेर गेलेले खाली मान घालून परत आले. मी ओशाळून दाराशी जाऊन उभा राहिलो. काका थोडे सरकले आणि आपल्या चटईवर थोपटत म्हणाले, "या, इथं बसा."