मंगल कार्यालयाचा मॅनेजर

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलो आणि कराडजवळ हायवेला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयात मला मॅनेजरची नोकरी लागली. वडिलांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. यात्रेतला पैलवान आतून ठरवून पडला, की आमच्याकडं 'कुस्ती मॅनेज झाली' म्हणतात. मॅनेज हा शब्द त्यांनी तेवढाच ऐकलेला.

"सरळ काम हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. सगळ्यांवर लक्ष ठेवायचं."

हळूहळू कळलं, लोकांच्या लेखी मॅनेजर म्हणजे हाक मारायचा माणूस. उशी कमी पडली, मॅनेजर. गिझर बंद, मॅनेजर. नवरदेवाचा बूट हरवला तरी मॅनेजरच. पलटणीत मी हुकूम दिला की माणसं हलायची. इथं दिवसभर मीच हलत होतो. मनाला लागायचं.

वैशाखात एक संध्याकाळचं लग्न होतं. वळवाच्या पावसानं वाटेत झाड पडलं आणि कोयनानगरहून येणारा नवरीचा मामा अडकला. आई नसलेली पोर. मामा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणाली. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. नवरीच्या वडिलांनी माझा हात धरला. "मॅनेजर, कायतरी मॅनेज करा वो."

मी नवऱ्या मुलाच्या आजोबांपुढं जाऊन बसलो आणि घडलं ते सरळ सांगितलं. "आजोबा, आधी पंगती बसवू का? मामा आलं की अक्षता टाकू."

"लगनाआधी जेवान? असलं कवा बघितलं न्हाई." मग ते हसले. "पर भूक लय लागलीया. बसवा."

भटजींनी पुढचा मुहूर्त धरला. अर्धं वऱ्हाड जेवून उठलं, तोवर मामा पोचला. गाडी तिथंच सोडून, पडलेल्या झाडाखालून वाकून पलीकडं आला होता आणि दुधाच्या टेम्पोत बसून आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. भाचीनं शालूची पर्वा न करता त्याला मिठी मारली.

अक्षता पडल्यावर कार्यालयाचे मालक माझ्यावर चिडले. "मला न विचारता पंगत बसवली?"

"तुमी फोन उचलला न्हाई," मी म्हणालो.

शेवटच्या पंगतीला मी आणि मामा शेजारी बसलो. तो जेवत नव्हता, नुसता स्टेजवरच्या भाचीकडं बघत होता. कुणी हाक मारली नव्हती, तरी मी उठून त्याच्या ताटात जिलबी वाढली.