आरतीआधीच लागलेला बुक्का

माझ्या कपाळावरचा बुक्का देवळातला नव्हता, ही गोष्ट मी कित्येक हिवाळे कोणालाही कळू दिली नाही. तो मी स्वतःच लावत असे. आमच्या जिल्ह्याची वाटणी होऊन दोन जिल्हे झाले, त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली एकोडीला झाली आणि तेथे मला शेतांमधून चालण्याची गोडी लागली. दिवाळी सरली की सोबतीची माणसे शेकोटीजवळ बसू लागत. मला मात्र धान निघालेल्या खाचरांतली, म्हणजे बांध्यांतली, लाखोळी या कडधान्याची निळी फुले आणि तलावाच्या मातीच्या पाळीवरून दिसणारे शांत पाणी घरी बसू देत नसे. गुडघे कुरकुरत, कानटोपीतूनही वारा शिरे, तरी मी निघतच असे.

पत्नीला दम्याचा त्रास होता. थंडी पडली की ती रात्र रात्र खोकत बसून काढायची. विठ्ठलाचे देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. तेवढे चालणे तिला झेपेना. "माझ्या वाटचं तुमीच उभे राहा आरतीले," असे तिने सांगितले आणि मी होकार दिला. सुरुवातीला गेलोही. मनापासून मागणे मागितले. तिचा श्वास काही मोकळा झाला नाही. हळूहळू मी थकलो आणि पाय आपोआप तलावाकडे वळू लागले. परतताना खिशातल्या डबीतून चिमूटभर बुक्का लावायचो. ती माझ्या कपाळाकडे पाहून हात जोडायची. निसर्गातही देवच आहे, असे मी स्वतःला समजावत असे. ते समाधान फार सोयीचे होते.

पौषातली एक सकाळ. रात्रभर तिला डोळा लागला नव्हता, म्हणजे मलाही नव्हता. बाहेर दाट धुके होते. ती म्हणाली, "आज नका जाऊ. बसा जरा माझ्यापाशी. देव काही पळून नाही जाऊन राहिला." मी आरती चुकेल असे सांगून बाहेर पडलो. इतका शिणलो होतो की परतताना विसरायला नको म्हणून बुक्का फाटकाशीच लावून टाकला.

पाळ उतरून दोन बांध्यांमधल्या नेहमीच्या धुऱ्यावर आलो असे मला वाटले. पाऊल मात्र उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, चिखल करून ठेवलेल्या बांधीत पडले. गुडघ्यापर्यंत रुतलो, घोटा मुरगळला. चहूकडे पांढरे धुके. गाव कोणत्या बाजूला तेही कळेना. हाक मारण्याचेही त्राण नव्हते. तसाच धुऱ्याला टेकून बसलो. मेलो तरी चालेल असे नव्हे, पण उठावे कशासाठी, हेही सुचत नव्हते.

"कोण हाये जी तिकडं?" धुक्यातून बाईचा आवाज आला. पदरात लाखोळीची खुडलेली भाजी, हातात काठी. तिने काठी पुढे केली आणि मला ओढून वर काढले. तेवढ्यात दूरवर टाळ वाजू लागले. तिने माझ्या कपाळाकडे निरखून पाहिले आणि हसली.

"आरती तर आत्ता सुरू होऊन राहिली जी भाऊ. तुमाले बुक्का घरपोच येते का?"

मी गाव कोणीकडे, एवढेच विचारले. ती म्हणाली, "मले बी कुठं दिसून राहिलं? टाळ वाजून राहिले ना, तिकडंच चाला." तिच्या खांद्याचा आधार घेऊन मी आवाजामागे चालू लागलो. ज्या आरतीला मी इतकी वर्षे टाळले, तीच मला हाताला धरून नेत होती. देवळाच्या पायरीशी मला सोडून ती भाजी सावरत निघून गेली. मी नंतर गावात पुष्कळ चौकशी केली. ती कोण होती, हे कोणी सांगू शकले नाही.

आत एक म्हातारे गृहस्थ टाळ धरून उभे होते. त्यांना मध्येच खोकल्याची उबळ आली आणि त्याच क्षणी माझे दुखरे पाऊल दाराकडे वळले. त्या एका पावलाने मला माझ्या तलावाकडे जाण्यामागचे खरे कारण दाखवले. मी तेथेच बसलो आणि प्रथमच काही मागितले नाही. इतके दिवस देवाने काय द्यावे ते मीच ठरवत होतो. आता जे ओझे माझ्या वाट्याला आहे, ते उचलायला बळ मिळाले तरी पुरे, असे वाटले. त्या न मागता मिळालेल्या काठीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. चालणे मी सोडलेले नाही. फक्त पत्नी सकाळी जरा निवांत झाल्यावरच निघतो.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा पत्नी उशीला टेकून बसली होती. चिखल पाहून घाबरली. "अवो, कुठं पडले? लागलं का तुमाले?" बोलता बोलता तिला पुन्हा उबळ आली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उबळ ओसरेपर्यंत काढला नाही. मग म्हणालो, "मी देवळात जात नव्हतो. तुझा खोकला ऐकवत नव्हता म्हणून पळून जाऊन राहिलो होतो. लय चुकलो मी. मले माफ कर."