सहा नंबरचं पिल्लू

परमेश्वराने सृष्टी निर्माण केली तेव्हा शेवटच्या तपासणीला माझ्या बायकोचे थोरले मामा हजर असते, तर निम्मा माल गेटवरूनच परत गेला असता. डोंगर वाकडे म्हणून, आंब्याची दोन पानं एका मापाची नाहीत म्हणून, आणि चंद्र महिन्यातून एकदाच धड गोल निघतो म्हणून. मामा निमोण्याचे. रांजणगावच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं तयार माल तपासला. पुढे ते निवृत्त झाले, त्यांची नजर मात्र अजून ड्यूटीवरच आहे. मामींची भाकरी तव्यावरून उतरली की ते ती डोळ्यांसमोर धरून चाकासारखी फिरवतात. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मांडवाचे खांब सरळ आहेत का ते बघून येतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते दौंडला आमच्या घरी आले, चहा प्याले, मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, “मुलगा चांगला हाय, पर डावा खांदा दोन सूत खाली हाय.” वडिलांनी चमकून माझ्या खांद्याकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं त्यांच्यापासून कुणी ते लपवून ठेवलं होतं. लग्न झालं; पण पुढे वर्षभर मी आरशासमोर उजवा खांदा पाडून उभा राहत होतो.

मोठेपणाचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. व्यासपीठावर सतरा पाहुणे, त्यातले सोळा स्वागताला उत्तर देणारे. प्रमुख पुढारी विकासाबद्दल बोलत होते आणि मामा सभेकडे पाठ करून टाकीकडे बघत उभे होते. भाषण ऐन रंगात आलं असताना ते वळून म्हणाले, “साहेब, जरा डावीकडं सरकून बोला. टाकी तुमच्या अंगावर कललीय.” साहेबांनी वर पाहिलं आणि भाषण दोन वाक्यांत संपवलं. गावात मामांबद्दल जी माया आहे, तिची सुरुवात बहुधा त्या दिवशी झाली.

गेल्या वर्षी त्यांच्या शेततळ्यात शेवाळ माजलं. बदकं ते खातात असं कळल्यावर मामा वरवंडला गेले आणि बदकं पाळणाऱ्या एका म्हातारीकडून सहा पिल्लं घेऊन आले. एकेक पिल्लू उलटं करून, पोट, पंख, चोच सगळं बघून. घरी त्यांनी लाकडी खोकं घेतलं, पिल्लांना एक ते सहा नंबर दिले आणि खाली अंथरायला, पुष्कळ विचार करून, फ्लेक्स निवडला. आमच्याकडे फ्लेक्सला तोटा नाही; एखाद्या होतकरू नेत्याचा वाढदिवस झाला की चार घरांची ताडपत्रीची सोय होते. हा फ्लेक्स एका भावी सरपंचाचा होता. गॉगल, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य. “वल्या फडक्यानं पुसला की चकाचक,” मामा म्हणाले, आणि ते दिवसातून दोनदा तो पुसत.

पाच पिल्लं भावी सरपंचाच्या गालांवर कशीबशी चालायला शिकली. सहावं सगळ्यांत लहान. चार-पाच दिवसांत त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकले आणि ते पोटावर पसरून पडलं. दुसरी पिल्लं त्याच्या अंगावरून दाण्याकडे जायची. त्याला पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचता येईना. मामांनी मला फोन केला. “जावईबापू, एक पीस डिफेक्टिव्ह निघाला. गाडी घिऊन या. वरवंडला जायचंय.”

मी गेलो. मामा मांडीवर बुटांचं खोकं घेऊन मागे बसले. खोक्यात पिल्लू, खिशात तक्रारअर्जाच्या तीन प्रती. म्हातारीने अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने पिल्लू तळहातावर घेतलं, सांधे दाबून पाहिले आणि विचारलं, “हाडाला काय झालं न्हाई. आबा, खाली काय आंथरलंय?”

“फ्लेक्स. रोज दोन टाइम पुसतो,” मामा अभिमानाने म्हणाले.

“मंग पाय फाकतील न्हाईतर काय! तुमाला सोडलं त्या गुळगुळीतावर तर तुमी बी आडवं व्हाल. गोणपाट टाका. पाय बांधा जवळ घिऊन. आठ दिस बघा. तवर उठलं तर उठलं, न्हाईतर जगायचं न्हाई ते.”

परतताना पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली तेव्हा मागून आवाज आला, “फॉल्ट आपल्याच डिपार्टमेंटचा निघाला की वो.” सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारो लोकांकडून वदवून घेतलं असेल. स्वतः म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

त्यानंतर आठ दिवस त्या घरात कारखाना चालू होता. फ्लेक्स गेला, गोणपाट आलं. मामांनी दोन नंबरचं निरोगी पिल्लू उभं केलं, त्याच्या दोन पायांतलं अंतर व्हर्नियरने मोजलं आणि त्या मापाने सहा नंबरचे पाय कापूस लावून चिकटपट्टीने जोडले. दिवसातून दोनदा कोमट पाण्याचं घमेलं, म्हणजे अंगाचा भार न पडता पाय हलावेत. भिंतीवर तक्ता: पाणी प्यालं, भरडा खाल्ला, उठण्याचा प्रयत्न. सह्या करायचं काम मामींकडे. त्या मला म्हणाल्या, “माझ्या बाळंतपणाला ह्यो माणूस ओव्हरटायमाला हुता. आन् आता बदकाला न्हाऊ घालतोय, बगा!” पण कोमट पाणी त्याच ठेवत होत्या. मला रोज दुपारी फोन. “आज दोन सेकंद उभं ऱ्हायलं.” दुसऱ्या दिवशी, “आज न्हाई.” आणि फोन बंद.

आठव्या दिवशी मला बोलावणं आलं. मामांनी पट्टी कापली, पिल्लू गोणपाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “तुमी बगा. मला न्हाई बगायचं.”

पिल्लू बसून होतं.

“चाललं का?”

“बसलंय.”

“आता?”

“बसलंयच.”

“अवो, जरा दम धरा की,” मामी ओरडल्या. “त्येला काय पंचिंगला उशीर हुतोय?”

पिल्लू उठलं, चोचीवर आपटलं, पुन्हा उठलं. मग तीन, चार, पाच पावलं टाकत थेट मामांच्या टाचेपाशी गेलं आणि टाचेला चोच मारली.

“चाललं!” मामी म्हणाल्या.

मामा वळले नाहीत. “सरळ?”

खरं सांगणं भाग होतं. “उजवा पाय जरा बाहेर टाकतंय.”

मामा खांद्यावरच्या टॉवेलने चष्मा पुसत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तसंच ऱ्हाऊ द्या.”

आता सहाही बदकं तळ्यावर असतात. तळ्यात अंथरलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर मामांनी काठापासून पाण्यापर्यंत गोणपाट टाकलंय. मागच्या रविवारी गेलो तेव्हा ते बांधावर बसले होते. बदकं पार मध्यावर होती. मी विचारलं, “सहा नंबर कुठलं?”

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पुष्कळ वेळ पाहिलं. “पान्यात न्हाई वळखू येत,” ते म्हणाले. “पान्यात समदी सारखीच.”

मामींनी चहाला हाक मारली. मी उठलो. मामा तसेच बसून होते.

“तुमी व्हा म्होरं,” ते म्हणाले. “ती भाईर येईस्तवर बसतो मी.”