किनवटची बिडाची शेगडी

ती शेगडी मला किनवटला एका भंगारवाल्याकडं दिसली. जंगलातला कुठला तरी जुना बंगला पाडला होता, तिथली. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. चार वाकडे पाय, पुढं दार, वर दोन गोल झाकणं आणि मागं धुराचा पाइप बसवायला तोंड. भंगारवाला घण घेऊन तिचे तुकडे करायलाच निघाला होता. मी म्हणलं, "थांब की बाबा, काय वाकडं केलंय तिनं तुझं?" टेम्पोत घालून तशीच अहमदपूरला आणली.

माझं वेल्डिंगचं दुकान. ग्रिल-गेटवर पोट चालतं, पण जीव असल्या जुन्या लोखंडात. आधीही अशा शेगड्या दुरुस्त करून दिल्या होत्या. लातूरच्या एकानं तर माझ्याकडून नेलेल्या शेगडीत मनीप्लांट लावला. मनीप्लांट! आठवलं तरी डोकं फिरतं. ही मात्र मला विकायची नव्हती. लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस थंडीचे. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात. दारं-खिडक्या बंद, खोलीत धूर, बाळंतीण खोकून बेजार. ही लेक झाली तेव्हा तिच्या आईचे हाल मी बघितले होते. ती माऊली आता नाही. माझ्या लेकीला ऊब मिळंल पण धूर खावा लागणार नाही, असं मी मनाशी धरलं.

घासता घासता खांदे गेले. गंज निघाला तर खाली भेग. बिडाला सांधा द्यायचा म्हणजे रडकथा. एक भेग जोडावी तर तापून शेजारी दुसरी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! शेवटी आतून पट्टी मारली, बोल्ट कसले, फटीत भट्टीची माती भरली. करडईचं तेल चोळून तापवली, पुन्हा चोळली. काळीभोर झाली. लेकीच्या खोलीत मांडली, पाइप वरच्या झरोक्यातून परसात काढला आणि भोवतालची फट सिमेंटनं बुजवली. पहिला जाळ केला तेव्हा सगळा धूर बाहेर गेला. मी परसात उभा राहून येड्यासारखा हसत होतो.

लेकीची आई नाही म्हणून धर्माबादहून माझी थोरली बहीण आली, आक्का. निम्म्या भावकीची बाळंतपणं तिच्या हातची. शेगडीभोवती फिरून म्हणाली, "हे काय रे, रेल्वेचं इंजिन आणून ठेवलंस?" पण लेकीला मुलगी झाली तशी तीच वापरायला लागली. सुरुवातीला लाकडं घातली. मग दार उघडलं की धूर डोळ्यांत जातो म्हणून परसातल्या चुलीवरचे बाभळीचे निखारे घमेल्यातून आणून आत भरू लागली. मला वाटलं, चांगलंच झालं.

दोनेक दिवसांनी लेक म्हणाली, "अप्पा, डोकं लई जड झालंय. उठलं की गरगरतंय."

"कच्ची बाळंतीण हाय, वारं लागलं असंल," आक्का म्हणाली आणि तिच्या कानाचा फडका आणखी आवळला.

नात जन्मली तेव्हा गल्ली डोक्यावर घेत होती. आता गप्प. शेक झाला की तासन्‌तास झोपायची. शेजारणी बघायला आल्या की आक्का कौतुकानं सांगायची, "लई गुणाचं लेकरू. रडणं म्हणून ठावं न्हाई." मला ती शांतता आवडत नव्हती. दारातून विचारलं, "दूध पितंय का गं?" तर म्हणाली, "पितंय, पितंय. बायकांच्या कामात कामून नाक खुपसून राहिलास? जा दुकानात."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गार वारं सुटलं होतं. आक्कानं मायलेकींना न्हाऊ घातलं, निखारे भरले, दार लोटून फटीला गोधडी लावली आणि अळिवाची खीर करायला स्वयंपाकघरात गेली. मी लोखंडी सळई आणायला परसात गेलो. वर बघितलं तर पाइपावर पारवा बसलेला. अंग फुगवून, डोळे मिटून, निवांत. क्षणभर मला बरंच वाटलं.

आणि मग ध्यानात आलं. आत निखारे भरलेत, मग पाइपावर पारवा बसेलच कसा?

हात लावला. पाइप गार. बादली पालथी घालून वर चढलो, तोंडात बोटं घातली तर कापड. ओढलं तर जुन्या लुगड्याचा अर्धा पदर बाहेर आला.

तसाच आत पळालो. आक्का स्वयंपाकघरातून धावत येऊन दारात आडवी आली. "आत जाऊ नको! तिचा शेक चालू हाय, अंगावर कपडा न्हाई!"

जन्मात पहिल्यांदा मी थोरल्या बहिणीला ढकललं.

खोलीत धूर नव्हता, वासही नव्हता. नुसती ऊब. लेकीचा हात बाजेखाली लोंबत होता. हाका मारल्या, हलवलं, ती उठेना. नातीला उचललं तर ओल्या फडक्यासारखी मान टाकली. तिला आक्काच्या हातात कोंबलं, लेकीला अंगाखालच्या गोधडीसकट उचलून परसात आणलं.

"अरे, वारं लागंल!" आक्का ओरडली.

"लागू दे! वारंच पाहिजे त्यांना!" मी लुगड्याचा बोळा तिच्यापुढं टाकला. "हे कुणी घातलं?"

तिनं बोळ्याकडं बघितलं. "मीच. पाइपातून वारं घोंघावत येत होतं रे. निखाऱ्याला कुठं धूर असतो? मग पाइप कशाला उघडा ठेवायचा?"

धूर नसतो, पण विष असतं, आणि बंद खोलीत त्याला जायला तो पाइप तेवढा होता. एवढंच सांगून मी लेकीला कुशीवर वळवलं. आक्काला तेवढ्यात काय कळायचं ते कळलं. ती नातीच्या तळव्यावर टिचक्या मारायला लागली. "रड गं माय. रड ना. तुझ्या पाया पडते, रड."

लेक ओकली आणि तिनं डोळे उघडले. नात गप्पच. आक्का टिचक्या मारतच राहिली. मग त्या चिमुकल्या तोंडातून मांजराच्या पिलासारखा आवाज आला, आणि मग ती अशी रडली की पारवा उडून गेला. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. वाचल्या. मी शेगडी परसात ओढून टाकली. पुन्हा पेटवायची हिंमत झाली नाही.

महिनाभरानं शेजारीण म्हणाली, "किती किरकिर करतं हो तुमचं लेकरू! दृष्ट तरी काढा."

"रडू दे," आक्का म्हणाली. "तू कान झाक तुझे." आणि नात रडायची थांबली तशी पळत जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरलं.