रिकाम्या वर्गातली हाक

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळा बाजार ‘कानवाले’ म्हणायचा. मशीन उघडण्याआधी तो डोळे मिटून नुसतं चालवायला लावी आणि आवाजावरून सांगे, पट्टा सैल आहे, किंवा तेल संपलंय. निदान सहसा चुकत नसे, आणि हे तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

घरात मात्र लेक त्याला दाद देत नव्हती. तिसऱ्या हाकेला वळायची. “महाराणींना फुरसत झाली वाटतं,” तो म्हणायचा. ती कसनुसं हसायची, आणि तो आणखी चिडायचा.

तिची शाळा संपली. कॉलेजची दोन आवारं होती आणि दोन्हीकडे तिला जागा मिळत होती. एक बाजारापलीकडे, घरापासून पंधरा मिनिटांवर, सात मजली, खाली दिवसभर वाहतूक. दुसरं बसनं तीन तासांवर, शेतांच्या मधोमध. तिनं दुसरं निवडलं.

“काय आहे तिथं? म्हशी?”

“वसतिगृह आहे.”

“आणि कोण आहे, तेही सांगून टाक.”

“कोणी नाही, बाबा. म्हणून तर जायचंय.”

“आधी बघून तर या,” आई मध्ये पडली. तो निघाला तो खोड काढायच्या तयारीनंच.

कार्यालयातल्या कारकूनबाई म्हणाल्या, आधी फिरून बघा, मग अर्ज भरा. दोघं एका रिकाम्या वर्गात शिरली. लांबलचक खोली, उघड्या खिडक्या, बाहेर माणूस नाही. ती थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तो फळ्याशी, तिच्याकडे पाठ करून, खडूची भुकटी बोटानं पुसत पुटपुटला, “चार दिवसांत रडत फोन येईल.”

“नाही येणार,” मागून आवाज आला.

तो थबकला. ओठसुद्धा धड हलले नव्हते. भिंतीकडेच तोंड ठेवून, आणखी हळू, त्यानं हाक मारली, “महाराणी.”

“काय?”

पहिल्याच हाकेला.

“घरी काय कानात बोळे घालतेस?” त्यानं टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण आवाजात जोर आला नाही.

ती थोडा वेळ बाकाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग म्हणाली, “डाव्या कानानं ऐकू येत नाही मला. मला गालगुंड झालं होतं ना, तेव्हापासून. इथं शांत आहे म्हणून एका कानावर भागतं. त्या सात मजल्यांत मी एक तास बसून आले. नुसता गलका. सरांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.”

घरात ती अभ्यासाला बसायची तिथून त्याचं कामाचं टेबल तिच्या डाव्या हाताला होतं. सहा वर्षं तो तिथूनच हाका मारत होता. तो पहिल्या बाकावर टेकला.

“डॉक्टरला दाखवू.”

“आईनं दाखवलंय. दोनदा. नस गेलीय म्हणाले, काही होणार नाही.”

“तिला माहीत आहे?”

“मावशीलाही.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या कारागिराला काढलं होतं. ऐकू कमी येतं म्हणून.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “अकरा वर्षांची होते मी. भ्याले.”

त्याला त्या कारागिराचा चेहरा आठवेना. फक्त आपण काय बोललो होतो ते शब्दन् शब्द आठवलं.

कार्यालयात अर्ज त्यानं स्वतःकडे ओढला. नाव, पत्ता, आवार. तिथं त्यानं न विचारता ग्रामीण लिहिलं. खाली रकाना होता: काही अपंगत्व असल्यास. त्यानं लिहिलं, डावा कान, आणि मान वर केली.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तेही लिहिलं. सर्वांत खाली छापलं होतं, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. ही माहिती त्याच्याकडे येऊन वीस मिनिटं झाली होती. कारकूनबाईंनी पालकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्यानं सही केली.